एका खांबाचं बास्केटबॉल

पांढुर्ण्यातले माझे घरमालक कुणाच्याही हातात कधी काही देत नसत, फेकत. खोलीची किल्ली त्यांनी पहिल्या दिवशी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून फेकली. ती माझ्या छातीवर आपटून नालीत पडली. "हात पुढं नव्हते," ते म्हणाले. किल्ली मी काढली. त्यानंतर त्या अंगणात मी खिशात हात घालून कधी उभा राहिलो नाही.

काडेपेटी, साबण, लिंबू, कुलूप, वर्तमानपत्राची घडी, सगळं हवेतून यायचं. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणत असे, स्टोव्हसमोर पाठमोऱ्या बसलेल्या असत आणि खांद्यावरून आलेलं वांगं न बघता झेलत. भाजीवालीकडचं एखादं वांगं पसंत पडलं नाही की घरमालक ते दोन हात लांबून तिच्या टोपलीत परत टाकत. वांगं ज्या खाचेतून उचललं होतं त्याच खाचेत जाऊन बसे. भाजीवाली सुरुवातीला चिडायची. नंतर ती शेजारणींना हाका मारून दाखवू लागली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका दैनिकासाठी पांढुर्ण्याच्या बातम्या पाठवत होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होतो. खोली देण्याआधी त्यांनी मला दाराच्या चौकटीखाली उभं केलं. डोकं चौकटीच्या बरंच खाली आहे याची खात्री झाल्यावर म्हणाले, "चालते. उंच भाडेकरू ठेवत नाही मी. एक आहे घरात, तेवढा पुरे." त्यांची स्वतःची उंची सहा फूट पाच इंच होती. घराची पुढची सगळी दारं त्यांनी तोडून उंच करून घेतली होती. मागच्या खोलीपर्यंत गवंडी टिकला नाही.

त्यांचा जन्म रामाकोन्याचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. पोलीसभरतीसाठी नागपूरला गेले असताना एका बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्यांना रांगेतून बाजूला काढलं. तोवर त्यांनी हा खेळ पाहिलाही नव्हता. प्रशिक्षकाने त्यांच्याकडे चेंडू दिला, वरची कडी दाखवली आणि यात टाक म्हणून सांगितलं. त्यांनी जराशी उडी मारून चेंडू आत ठेवला आणि विचारलं, "ठेवला साहेब. आता काय करू?"

पुढे एका पोलाद कारखान्याने त्यांना आपल्या संघासाठी नोकरीवर घेतलं. कागदोपत्री ते भांडारात कारकून होते. भांडार नेमकं कोणत्या इमारतीत आहे हे त्यांना गुडघा निकामी झाल्यावर कळलं. मधल्या काळात ते राज्याकडून खेळले, मग देशाकडून खेळले, परदेशी जाऊन आले. हा खेळ जिथे चालतो त्या शहरांत त्यांचे फोटो छापून येत. पांढुर्ण्यात तो चालत नव्हता. नागपूरच्या पलीकडे ते प्रसिद्ध होते. अलीकडे नुसते उंच.

याचा एक पुरावा मी स्वतः पाहिला. कुणाला तरी सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. मद्रासकडे जाणारी गाडी थांबली आणि तिच्यातून उतरलेला एक तिकीट तपासनीस त्यांच्याकडे बघत थबकला. मग पळत आला, त्यांचे दोन्ही हात धरले, हिंदी-इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला आणि खिशातलं पावतीपुस्तक काढून त्यावर त्यांची सही घेतली. गार्डने शिट्टी दिली तरी तो हात सोडीना. शेवटी चालत्या गाडीत चढला आणि दारात उभा राहून दिसेनासा होईपर्यंत सलाम करत गेला. हे सगळं हमालांनी पाहिलं, टांगेवाल्यांनी पाहिलं. आम्ही घरी पोचायच्या आत गावात बातमी पोचली होती की सर बिनतिकीट सापडले, आणि टीसीने पावती फाडली.

दुसऱ्या दिवशी न्हावी त्यांना म्हणाला, "सर, होते असं कधी कधी. पुढच्या वेळी तिकीट काढून घ्यायचं."

त्यांनी खुलासा केला नाही. "मी त गाडीत बसलोच नव्हतो," एवढंच ते मला घरी आल्यावर म्हणाले.

गावात त्यांना समोर सर म्हणत, मागे सिग्नल. हे नाव नुसत्या उंचीमुळे पडलेलं नव्हतं. त्यांच्या काळी बास्केटबॉलमध्ये असा नियम होता की पंचाने फाउल दिला की चूक करणाऱ्या खेळाडूने स्वतःचा हात सरळ वर करायचा, म्हणजे नोंद करणाऱ्याला दिसावं. खेळ सुटला तरी हात सुटला नाही. बाजारात कुणाच्या पायावर पाय पडला की हात वर. कपबशी फुटली की हात वर. बोलताना माणसाचं नाव चुकलं तर बोलणं थांबवून हात वर. तसा तो काही क्षण ठेवत आणि मग पुढचं काम करत. आपल्यासारखंच सगळ्यांनी वागावं अशी त्यांची अपेक्षा होती. एकदा वरणात मीठ जास्त झालं तेव्हा त्यांनी काकूंकडे बघून वाट पाहिली.

"मी हात वर करून बसली त पोळ्या कोण लाटन?" काकू म्हणाल्या. "आन् तुमाले बाजारात पाहून लोकं गाडी येऊन राहिली समजतेत."

काकू त्यांना मानत असत, पण त्यांच्या गोष्टी त्या स्वतः सांगत. लग्नाची गोष्ट तर त्या कुणालाही सांगत. वरमाला घालायच्या वेळी त्यांच्या मामांनी त्यांना नवऱ्याच्या उंचीला पोचवायला उचलून धरलं, आणि आपल्या भागाच्या रिवाजाप्रमाणे नवरदेवाला छळायला मागे मागे नेऊ लागले. नवरदेव जागचा हलला नाही. त्याने हार दोन्ही हातांत धरला, अंदाज घेतला आणि वऱ्हाडाच्या डोक्यांवरून सोडला. "बरोब्बर गळ्यात," काकू सांगत. "कानालेही नाही लागला. मामा म्हणे, पोरी, हा माणूस तुले घरात राहू देईन की बाहेरूनच संसार करन?"

हे ऐकताना ते एक दुरुस्ती करत. "कानाले लागला होता. डाव्या."

दुरुस्ती ही त्यांची दुसरी सवय. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट कुणी वाढवून सांगितली की ते ती कापून परत देत. एका अंतिम सामन्यात अगदी शेवटी त्यांनी चेंडू टाकून संघाला जिंकून दिलं, असं जुन्या कात्रणात छापलेलं होतं. कात्रण त्यांनीच मला दाखवलं, आणि सोबत सांगितलं, "हे चूक आहे. तो दुसऱ्यानं टाकला होता. माझ्या बोटाले लागून गेला. मी त्या पेपरवाल्याले सांगितलं होतं, त्यानं छापलं नाही." मी वर्तमानपत्राचा माणूस असल्यामुळे माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी जरा रोखून पाहिलं.

पांढुर्ण्यात हा खेळ रुजवायचा हे त्यांचं एकच मागणं उरलं होतं, आणि ते जागेवर अडलं होतं. मोकळी सपाट जागा संत्राबाजाराच्या आवारात होती. बाजाराचे अध्यक्ष संत्र्याचे मोठे व्यापारी होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठनी एक कोपरा दिला, पण एकाच खांबापुरता. समोरच्या बाजूला गाड्या उभ्या राहतात, तिथे दुसरा खांब नको, असं त्यांचं म्हणणं. पहिला खांब जिनिंगमधल्या लोहाराने करून दिला. कडी कापसाच्या गाठीला बांधतात त्या लोखंडी पट्टीची.

चेंडूही एकच होता, तेव्हा झेलणं त्यांनी गळलेल्या संत्र्यांवर शिकवलं. "झेलून फोडलं त फाउल. झेलून खाल्लं त घरी जा," असा नियम होता. बरेच जण घरी गेले. जे उरले त्यांचा संघ झाला. कप्तान गजा, सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा तरुण, खांद्याने दणकट आणि स्वभावाने तापट.

खेळ समजावताना त्यांनी एक सोपा मार्ग काढला. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर गोटे मारतात, आणि झाड कोण ताब्यात घेतो त्यावर हारजीत ठरते. या पोरांना दुसरा खेळ ठाऊक नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "हे गोटमारीसारखंच समजा. मधात खांब. खांबापाशी पोचायचं. फक्त गोटे नाही मारायचे." पोरांनी पहिल्या आठवड्यात शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं आत्मसात केलं. सरावाला पांढुर्ण्याचे एका बाजूला, सावरगावचे दुसऱ्या बाजूला असे दोन गट पडत आणि दोन्ही गट त्याच एका कडीत चेंडू टाकत. महिन्या-दोन महिन्यांत खेळ खरोखर चांगला होऊ लागला. संध्याकाळी बघायला माणसं जमू लागली.

माणसं जमू लागली म्हणून शेठच्या नजरेत आलं. हंगाम तोंडावर होता आणि त्यांना तो कोपराही गाड्यांसाठी हवा होता. ते एका संध्याकाळी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, सौसरची टीम मोठी आहे म्हणतेत. तिले हरवून दाखवा, जागा तुमची. लिहून देतो. नाही हरवलं, त हंगामाच्या आत खांब उपटून घ्यायचा. मंजूर?"

"मंजूर," सर म्हणाले.

"हरले त मंग माझ्याकडं येऊन रडायचं नाही."

"मी स्वतः उपटीन."

सौसरला शाळेचं मैदान होतं, त्याला दोन खांब होते आणि छिंदवाड्याहून पंच बोलावला होता. आमच्या बाजूने संत्र्याच्या ट्रकमधून माणसं गेली. पोळा होऊन फार दिवस झाले नव्हते. गजाच्या कपाळावर अजून पट्टी होती. सामन्याआधी सरांनी संघाला मैदानात उभं करून डावीकडचा खांब दाखवला. "तो समोरचा त्यांचा, तिथं अडवायचं. हा खांब आपला. यात टाकायचं. काही झालं तरी हा खांब सोडायचा नाही."

अर्धा सामना झाल्यावर दोन्ही संघ बाजू बदलतात आणि खांबांची अदलाबदल होते. हे सांगायचं राहिलं नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. आधीच सांगितलं तर पोरं गोंधळतील, मध्यंतरात सांगू, असा त्यांचा विचार होता. तो विचार चांगला होता.

पहिल्या अर्ध्यात पांढुर्णा पुढे होता. मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना चेंडू उसळून सरांच्या बाकाकडे आला. ते बसलेले होते. त्यांच्या हातात काहीही आलं तर त्याचं पुढे काय होतं हे वर सांगितलं आहे. त्यांनी चेंडू झेलला आणि बसल्या जागेवरून सोडला. तो कडीला न शिवता आत गेला. दोन्ही गावांचे लोक उभे राहून ओरडले. पंचाने खेळ थांबवला, आणि हसून म्हणाला, "सर, पुन्हा नका करू. चला, खेळ सुरू."

सर उभे राहिले. त्यांचा हात वर होता.

"चला कसं? खेळ चालू असताना चेंडूले हात लावला मी. बाहेर काढा मले."

"राहू द्या ना सर, चुकून झालं."

"चुकून नाही झालं. नेम धरून टाकला. नियम सांगा ना, काय आहे?"

पंच तरुण होता, त्याने यांचं नाव ऐकलेलं होतं आणि त्याला यांना बाहेर काढायचं नव्हतं. पण ते स्वतःच मैदानाबाहेर चालू लागले आणि फाटकातून निघून कंपाउंडच्या भिंतीमागे उभे राहिले. भिंत सहा फुटी होती. मैदानातून फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. काकू त्यांच्यामागे गेल्या. मी सरांशी बोलायला म्हणून बाहेर गेलो, त्यामुळे पुढचा सामना मी बराचसा त्यांच्या तोंडून ऐकला.

मध्यंतरात पोरांना कुणी काही सांगितलं नाही. खेळ पुन्हा सुरू झाला. काकूंना भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं.

"काय होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

"गजानं टाकला."

"बरं झालं ना बाई."

"त्यांच्यासाठी टाकला."

"म्हंजे?"

"खांब बदलले. तो आता त्यांचा आहे. पोट्टे जुन्याच खांबावर टाकून राहिले. आपण टाकला की गुण त्यांचा."

भिंतीच्या आत पांढुर्ण्याचे लोक जल्लोष करत होते. गजाने पुन्हा चेंडू टाकला.

"ओरडा ना मंग!" काकू म्हणाल्या.

"नाही ओरडता येत. मी बाहेर आहे."

"बाहेर आहे म्हणून त ओरडा म्हणते!"

"बाहेर काढलेल्यानं सूचना द्यायची नसते."

"तुमाले काढलं नाही, तुमी निघाले! जागा जाऊन राहिली तुमची, समजते का? मी ओरडते." काकूंनी पदर खोचला, टाचा उंच केल्या आणि भिंतीवरून आवाज दिला, "गजा! अबे गजा! मांगं फिर!"

गजाने काकूंचा आवाज ओळखला. त्याने हात हलवला आणि आणखी एक टाकला.

सौसरचे खेळाडू थोडा वेळ अडवत राहिले. मग त्यांच्या कप्तानाच्या लक्षात आलं, आणि त्यांनी अडवणं बंद केलं. आणखी थोड्या वेळाने ते चेंडू आणून गजाच्या हातात देऊ लागले. दुसऱ्या खांबाखाली एक बकरी येऊन बसली होती. पंचाला हे बघवेना. त्याने खेळ थांबवून गजाला बाजूला घेतलं आणि खांब बदलल्याचं सांगितलं. गजा काय म्हणाला ते भिंतीबाहेरही ऐकू आलं.

"वा साहेब! आमी पुढं जाऊन राहिलो त खांब बदलवला? सकाळपासून हाच खांब आहे आमचा. मेलो तरी नाही सोडत!"

ट्रकभर पांढुर्णा त्याच्या मागे उभा राहिला. पंचाने हात टेकले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सौसर जिंकलेलं होतं, आणि त्यांचे निम्म्याहून जास्त गुण पांढुर्ण्याने केलेले होते.

ट्रक गुलाल उधळत परतला. फळ्यावर सौसरचा विजय लिहिलेला सगळ्यांनी पाहिला होता, पण फळा सौसरचा, खडू सौसरचा, तिथे दुसरं काय लिहिणार? कुणी चेंडू आत टाकले हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाजाराच्या आवारात शेठ हार घेऊन उभे होते. ढोलकीवाला बोलावलेला होता. सर ट्रकमधून उतरून त्यांच्यासमोर गेले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक मागून धरून ठेवलं होतं.

गप्प राहिले असते तर जागा त्यांची होती. शेठ लिहून द्यायला कागदही घेऊन आले होते.

"शेठ, आपण हरलो," सर म्हणाले.

ढोलकी थांबली. शेठनी गजाकडे बघितलं, मग सरांकडे.

"टोपलीत बॉल कोणी टाकले?"

"जास्त आपल्या पोट्ट्यांनी."

"अन् त्यांनी?"

"थोडे."

"मंग जिंकलं कोण?"

"ते."

शेठ माझ्याकडे वळले. "पेपरवाले, तुमी सांगा."

मी सौसर म्हणालो.

"हा तुमचाच भाडेकरू," शेठ सरांना म्हणाले. "याचं काही खरं नाही. बरं, मले एक सांगा. आपल्या पोट्ट्यांनी त्यांच्यात टाकले कायले?"

हे ऐकून गजा भडकला. आपण काय करून बसलो हे त्याला ट्रकमध्ये अर्धंमुर्धं कळलं होतं, आणि रस्ताभर तो धुमसत आला होता. "आमाले काय माहीत खांब बदलवतेत म्हणून! आपल्या इथी खांबच एक! दुसरा कोणी लावू देल्ला?"

आवारातली सगळी माणसं शेठकडे बघू लागली. हार शेठच्या हातात तसाच होता.

"गजा, गप," सर म्हणाले. "खांबाची चूक नाही. एका खांबावरही शिकवता येते. मी शिकवलं नाही, आणि सांगायच्या वेळी मी जागेवर नव्हतो. शेठ, सब्बल देता का? बोलणं झालं होतं आपलं."

शेठनी पहार दिली नाही. "उद्या पाहू," म्हणून ते हार घेऊनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी शेजाऱ्याची सब्बल आणली आणि खांबाच्या बुडाशी खणायला सुरुवात केली. खांब त्यांनीच पुरलेला, त्यामुळे चांगला खोल होता. एका बाजूची माती निघाली तोवर त्यांचा गुडघा सुजला. काकू बाजूला उभ्या होत्या. "जो माणूस जिंकला म्हणून घरोघरी पेढे गेले, तो खड्डा खणून राहिला," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. बाजारात माल उतरवायला आलेले शेतकरी थांबून विचारत होते, आणि काकू सगळं पहिल्यापासून सांगत होत्या, त्यात दुसऱ्या खांबाचा भाग जरा सावकाश सांगत होत्या. दुपारी शेठचा मुनीम आला, त्याने सब्बल काढून घेतली आणि सरांना घरी जायला सांगितलं. चार दिवस बाजाराकडे फिरकू नका, असा निरोप होता.

ते चार दिवस सरांनी काहीही फेकलं नाही. काकूंच्या हातात काडेपेटी नेऊन दिली. काकू घाबरल्या.

पाचव्या दिवशी शेठ स्वतः दारात आले. दार उंच असल्यामुळे पगडीसकट सरळ आत आले. "चला," म्हणाले. आम्ही तिघं त्यांच्यामागे बाजारात गेलो.

आवारात दुसरा खांब उभा होता. पहिल्यापेक्षा जाड, वर नवी कडी, दोन्हींना लाल रंग, बुडाशी सिमेंट. तो पहिल्या खांबाच्या समोर नव्हता. त्याला लागून, हाताच्या अंतरावर, शेजारी शेजारी, त्याच दिशेला तोंड करून लावला होता. गाड्यांची जागा शाबूत होती.

"पांढुर्ण्याले एकच खांब आहे असं कोणी म्हणू नये आता," शेठ म्हणाले. "जागा तुमची. खर्च माझा. अन् गडबडीची जागाच ठेवली नाही मी. हा आपला, हा त्यांचा. इथून तिथं जायचंच नाही, त पोट्टे चुकतीन कसे? आणखी एक सांगतो, कोणाले सांगू नका." त्यांनी आवाज उतरवला. "आपली कडी चार बोटं मोठी केली. त्यांची लहान."

खांबापाशी आधीच येऊन उभ्या असलेल्या गजाने तोंड उघडलं. काकूंनी त्याच्या पायावर पाय दिला.

सर दोन्ही खांबांभोवती एक चक्कर मारून आले. दोन्ही कड्या त्यांनी खालून नीट पाहिल्या. मोठ्या कडीतून एका वेळी दोन चेंडू गेले असते. लहान कडीतून एकही जाणं अवघड होतं.

"काय सर?" शेठनी विचारलं. "आता बरोबर आहे ना?"

मी त्या घरात नंतर पुष्कळ वर्षं राहिलो. तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून मी एकच खोटं ऐकलं, आणि ते याच वेळी.

"एकदम नियमानुसार," ते म्हणाले.